संगणकाला म्हातारा ठरवण्यापूर्वी त्याचे मस्टर उघडा



या सदरातून आपण शिष्यवृत्ती, दाखले, बँकेचे खाते अशा घरोघरी लागणाऱ्या कामांविषयी बोलत असतो. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो या सगळ्या कामांच्या मुळाशी आहे. आपल्या घरातला किंवा विहारातला संगणक संथ चालू लागला, तर खिशात हात घालण्यापूर्वी काय करावे, हा तो विषय.

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक लहानशी अभ्यासिका आहे. एका बांधवाच्या कार्यालयातून जुने संगणक निघाले, तेव्हा त्यातला एक त्यांनी अभ्यासिकेला मिळवून दिला. चार जीबी मेमरी आणि आत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. रविवारी वंदना झाली की आम्ही दोन-तीन कार्यकर्ते तिथे बसतो आणि मुला-मुलींचे अर्ज भरून देतो.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा मुले रांगेत होती. संगणक सुरू व्हायलाच नऊ-दहा मिनिटे लागली. एक कागद जोडायला गेले की पडदा पांढरा व्हायचा. पाच जणांचे अर्ज कसेबसे गेले. सहाव्या मुलाचा अर्ज अर्ध्यावर असताना रात्रीचे बारा वाजले. त्याचे वडील नाक्यावर बिगारी काम करतात. उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशी हाती आला होता, म्हणून तो शेवटच्या दिवशी आला होता. शिष्यवृत्ती बुडाली, फी भरता आली नाही आणि तो मुलगा एका गोदामात कामाला लागला. "काका, तुमचा काय दोष? मशीनच जुने आहे," असे तोच मला म्हणाला. मीही म्हणालो, होय बाबा, मशीनच जुने आहे.

पुढे एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने संगणक सुरू करून नीट पाहिलाही नाही. याचे आयुष्य संपले, नवीन घ्या, नाही तर वेग वाढवणारे सॉफ्टवेअर टाकून देतो, वर्षाचे पैसे भरा, असे त्याने सांगितले. आम्ही पैसे भरले. संगणक होता त्याहून संथ झाला. मग कमिटीच्या बैठकीत विषय निघाला की स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी ठेवलेली वर्गणी नव्या संगणकावर घालावी. ठराव होतच आला होता. तेवढ्यात आयटीआयमध्ये कोपाचा कोर्स करणारी आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी उठून म्हणाली, "काका, नवीन घ्यायच्या आधी आत काय काय चालू आहे ते कोणी बघितलंय का?"

बंधू-भगिनींनो, कोणीही बघितले नव्हते. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की कोणी सांगतो म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. हा उपदेश आम्ही दर वर्षावासात ऐकतो. पण दुरुस्तीवाला बोलला आणि आम्ही मान डोलावली.

आता आत काय चालते ते समजून घेऊ. मी कारकून आहे, म्हणून कचेरीचेच उदाहरण देतो. संगणकात एक कारकून आहे, त्याला प्रोसेसर किंवा सीपीयू म्हणतात. त्याच्यासमोर टेबल आहे, ती मेमरी किंवा रॅम. मागे कपाट आहे, ती हार्ड डिस्क. काम सुरू झाले की फाईल कपाटातून टेबलावर येते. चालू असलेल्या अशा प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. आपण पडद्यावर एकच खिडकी उघडलेली असते, पण पाठीमागे शंभराहून अधिक प्रोसेस चालू असणे ही आजच्या संगणकात साधी गोष्ट आहे. त्यांतल्या पुष्कळशा गरजेच्या असतात. काही मात्र बोलावल्याशिवाय येऊन बसलेल्या असतात.

टेबल भरले की काय होते? कारकून काही फाईली उचलून पुन्हा कपाटात ठेवतो आणि लागतील तशा परत काढतो. त्याचा सगळा वेळ उठबस करण्यात जातो. मेमरी भरली की विंडोज हेच करते. मेमरीतला मजकूर डिस्कवरच्या पेजफाईल नावाच्या जागेत हलवते आणि गरज पडली की परत आणते. फिरती हार्ड डिस्क मेमरीच्या तुलनेत फारच संथ असते. पडदा पांढरा होतो तो बहुधा याच वेळी. कारकून म्हातारा झालेला नसतो, टेबलावर ओझे झालेले असते.

हे डोळ्यांनी पाहण्यासाठी विकत काही घ्यावे लागत नाही. विंडोजमध्येच टास्क मॅनेजर नावाचा कार्यक्रम आहे. डेव्ह प्लमर या अभियंत्याने तो लिहिला आणि १९९६ साली विंडोज एनटी ४.० बरोबर तो लोकांच्या हाती आला. मी त्याला संगणकाचे मस्टर म्हणतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की हे मस्टर उघडते. विंडोज १० मध्ये लहानशी खिडकी आली, तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर दाबावे. मग प्रत्येक कामाचे नाव दिसते आणि त्यापुढे चार रकाने दिसतात: सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. रकान्याच्या मथळ्यावर एकदा दाबले की जास्त खाणारा वर येतो.

हे चार रकाने वाचायला शिकणे हीच खरी विद्या. सीपीयू बराच वेळ शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर कोणता तरी कार्यक्रम कारकुनाला सोडत नाही असे समजावे. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्क शंभर टक्के असेल, तर टेबल भरून उठबस सुरू झाली आहे. मेमरी मोकळी आणि डिस्क मात्र शंभर टक्के असेल, तर विंडोजचे अद्ययावतीकरण किंवा व्हायरसची तपासणी चालू असण्याचा संभव असतो. ते काम पूर्ण होऊ द्यावे. नेटवर्क भरलेले असेल, तर दोष संगणकाचा नसून कोणी तरी पाठीमागे मोठी फाईल ओढत आहे.

एक फसगत सांगून ठेवतो. ‘डिटेल्स’ या भागात सिस्टीम आयडल प्रोसेस असे नाव दिसते आणि त्यापुढे नव्वद-पंच्याण्णव असा आकडा असतो. हाच चोर म्हणून आम्ही सगळे त्याच्यावर धावलो होतो. त्या मुलीने समजावले की आयडल म्हणजे रिकामा. तो आकडा जेवढा मोठा, तेवढा कारकून मोकळा बसला आहे. ज्याला आम्ही पकडायला निघालो, तो गुन्हेगार नव्हताच.

मग आमच्या संगणकात कोण सापडले? मस्टरमध्येच ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे, विंडोज ११ मध्ये त्याला ‘स्टार्टअप ॲप्स’ म्हणतात. संगणक सुरू होताच आपोआप कामाला लागणाऱ्यांची यादी तिथे असते आणि त्यांच्यामुळे सुरुवातीला किती भार पडतो, तो कमी, मध्यम की जास्त, हेही लिहिलेले असते. आमच्या यादीत अभ्यासिकेत नसलेल्या प्रिंटरचा कार्यक्रम होता. जुन्या कार्यालयाचा बैठका घेण्याचा कार्यक्रम होता. गाणी ऐकण्याचा एक, फाईली आपोआप इंटरनेटवर चढवणारे दोन, आणि सर्वांत वर, जास्त भार असा शेरा असलेला, आम्ही पैसे भरून घेतलेला तो वेग वाढवणारा कार्यक्रम! रखवालदार म्हणून ठेवलेलाच कोठारातले खात होता.

अशा प्रत्येकावर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिसेबल’ करायचे. यात काहीही पुसले जात नाही. तो कार्यक्रम आपल्याला हवा तेव्हा उघडता येतो, फक्त न बोलावता येत नाही. वेग वाढवणारा तो कार्यक्रम आम्ही कंट्रोल पॅनलमधून रीतसर काढूनच टाकला. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करून मी घड्याळ लावले. नऊ-दहा मिनिटांच्या जागी साडेतीन मिनिटे लागली. खर्च शून्य.

ब्राउझरचेही वेगळे मस्टर असते, हे मला माहीत नव्हते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की कोणते पान किती मेमरी खाते ते दिसते. अर्ज भरताना शेजारी व्हिडिओची आणि बातम्यांची दहा पाने उघडी ठेवली, तर चार जीबीचे टेबल भरणारच. आता आमचा नियम असा आहे की अर्ज भरताना फक्त अर्जाचे पान उघडे ठेवायचे.

पण मस्टर हाती आले म्हणून दिसेल त्याला हाकलू नये. ‘एंड टास्क’ म्हणजे चालू काम जागच्या जागी थांबवणे. जपून न ठेवलेला मजकूर त्यात जातो. सीएसआरएसएस, विनलॉगऑन, एलएसएएसएस, सर्व्हिसेस ही विंडोजच्या पायाची नावे आहेत, त्यांना हात लावू नये. एसव्हीसीहोस्ट हे नाव अनेक वेळा दिसते, तेही साहजिक आहे, कारण विंडोजच्या अनेक सेवा त्याच नावाखाली चालतात. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल हा विंडोजचा स्वतःचा पहारेकरी आहे, कधी कधी जड होतो, पण त्याला घालवू नये. नाव अनोळखी असेल, तर उजवे बटण दाबून ‘ओपन फाईल लोकेशन’ निवडावे आणि ती फाईल कुठे ठेवलेली आहे ते पाहावे. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टीम३२ या फोल्डरात राहतो. त्याच नावाचा कोणी डाउनलोडच्या फोल्डरातून चालत असेल, तर तो तोतया समजून व्हायरसची तपासणी करावी.

याहून खोलात जायचे असेल, तर प्रोसेस एक्सप्लोरर आणि ऑटोरन्स असे दोन कार्यक्रम मायक्रोसॉफ्टकडूनच फुकट मिळतात. मार्क रुसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९६ साली सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सची ही साधने, २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती आपल्याकडे घेतली. प्रोसेस एक्सप्लोरर वंशावळ दाखवतो, म्हणजे कोणत्या कामाने कोणाला जन्म दिला ते कळते. ऑटोरन्स आपोआप सुरू होणाऱ्यांच्या साऱ्या जागा दाखवतो. ही साधने जाणकाराला शेजारी बसवून वापरावीत.

कामांना प्राधान्य देण्याचीही सोय आहे. विंडोजमध्ये प्राधान्याच्या ० ते ३१ अशा ३२ पायऱ्या आहेत. आपल्याला मात्र ‘डिटेल्स’मध्ये ‘सेट प्रायॉरिटी’ या नावाखाली सहाच नावे दिसतात. एखादे जड काम पाठीमागे चालू ठेवायचे असेल, तर त्याला ‘बिलो नॉर्मल’ करावे, म्हणजे समोरचे काम अडत नाही. ‘रिअलटाइम’ मात्र कधीही निवडू नये, माउस आणि कीबोर्डसुद्धा अडून बसू शकतात. प्रोसेस लॅसो नावाचा एक कार्यक्रम हे काम आपोआप करतो. पाठीमागचा कोणी सीपीयू अडवू लागला की तो त्याचे प्राधान्य तात्पुरते खाली आणतो. परंतु हे नीट ध्यानात घ्या की प्राधान्य म्हणजे रांगेतली जागा. त्याने रांग शिस्तीत चालते, खिडकीवरचा कारकून एकाचे दोन होत नाहीत. आमच्यासारख्या संगणकाचे दुखणे मेमरीचे आणि डिस्कचे असते, तिथे याचा उपयोग थोडाच.

आता त्या वेग वाढवण्याच्या नावाखाली चालणाऱ्या धंद्याविषयी. मेमरी साफ करतो म्हणणारे कार्यक्रम पुष्कळदा एवढेच करतात की टेबलावरच्या फाईली जबरदस्तीने कपाटात ढकलतात. आकडा मोकळा दिसतो, आपण खूश होतो आणि पुढच्याच क्षणी त्याच फाईली परत काढाव्या लागतात. मोकळ्या मेमरीत विंडोज पुन्हा लागणाऱ्या गोष्टी मुद्दाम जवळ ठेवते आणि दुसऱ्या कामाला जागा लागली की ती लगेच सोडते. तो कचरा नव्हे.

ही फसवणूक आपल्याच वस्तीत होते असे नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. तिथे ग्राहकाचा संगणक तपासणारा एक कार्यक्रम चालवला जाई. तपासणीआधी चार प्रश्न विचारले जात, जसे की संगणक संथ झाला आहे काय. एकाचेही उत्तर होय आले की संगणकात दोष असल्याचा निकाल ठरलेला. तपासणी केवळ दिखाऊ होती, असे तिथल्या सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने म्हटले. २०१९ साली ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर आणि तो कार्यक्रम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. श्रीमंत देशातले शिकलेले लोक फसले, कारण त्यांनीही स्वतः आत पाहिले नव्हते.

हिशेबाच्या माणसाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मस्टर पाहून सगळे सुटते असे नाही. आमच्या संगणकाचे निम्मे दुखणे अनावश्यक कामांचे होते, उरलेले फिरत्या डिस्कचे आणि अपुऱ्या मेमरीचे होते. म्हणून कमिटीने पुढे एक एसएसडी आणि चार जीबी जादा मेमरी घेतली. नव्या संगणकाच्या किमतीचा तो लहानसा भाग होता आणि पुस्तकेही घेता आली. पण काय घ्यायचे हे आम्हाला रकाने वाचून कळले, दुकानात विचारून नव्हे. आणखी एक गोष्ट. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे आणि विंडोज ११ प्रत्येक जुन्या यंत्रावर चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्सची हलकी प्रणाली फुकट घालता येते. तिच्यातही सिस्टीम मॉनिटर नावाचे असेच मस्टर असते.

घरी करण्याजोगा एक सोपा उपायही सांगतो. संगणक रोज बंद करूनही तो अडखळत असेल, तर ‘शट डाउन’ऐवजी ‘रिस्टार्ट’ करावे. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केल्यावर आतली मूळ प्रणाली पूर्ण नव्याने सुरू होत नाही, रिस्टार्टने होते.

बाबासाहेबांनी १९४५ साली ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या अर्थाच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात यंत्राची बाजू घेतली होती. यंत्रामुळे माणसाला श्रमातून सवड मिळते आणि यंत्रयुगातल्या दुःखाचे खापर यंत्रावर नव्हे, समाजाच्या चुकीच्या रचनेवर फुटले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. आमच्या अभ्यासिकेतही यंत्राचा दोष थोडा होता. आतली व्यवस्था बिघडली होती आणि ती पाहण्याची जबाबदारी कोणी घेतली नव्हती. ती माझी होती, हे मी इथे कबूल करतो. त्या रात्री तीन बटणे दाबण्याचे ज्ञान मला असते, तर त्या मुलाचे वर्ष वाचण्याची शक्यता होती. त्याने यंदा मुक्त विद्यापीठात नाव घातले आहे. गोदामातून सुटला की रात्री तो अभ्यासिकेत येतो.

आता त्या मुलीने संगणकाशेजारी एक वही ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्टार्टअपची यादी तपासते, चारही रकान्यांचे आकडे आणि संगणक सुरू व्हायला लागलेली मिनिटे लिहून सही करते. गेल्या महिन्यापासून लिहिण्याचे काम तिने त्या मुलाकडे दिले आहे. माझी विनंती आहे की प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत अशी एक वही ठेवावी आणि दोन मुलामुलींना हे शिकवावे. घरी संगणक असेल, तर आजच हे मस्टर उघडून पाहा. प्रथम काही बंद करू नका, नुसते वाचा. आणि अर्जाची शेवटची तारीख येण्याच्या पंधरा दिवस आधी वाचा.

जय भीम, नमो बुद्धाय.